एका धंद्याची एकच

ती. आईस,
तुझ्या पाया पडते; इतक्या लांबून पोचेल ते खरं.

माझा हात आता बरा आहे. अक्षर वाकडं दिसलं तर घाईत लिहिलंय समज.

आनंदाची बातमी म्हणजे मला इथल्या छोटे उद्योग चालवणाऱ्या बायकांच्या मंडळात घेतलं. तिथं एका धंद्याची एकच बाई घेतात, म्हणजे एकमेकींचे पाय ओढायला नकोत. बेकरीवाली, फुलवाली आणि पडदे शिवणारी मी, अशा आम्ही एकमेकींकडे गिऱ्हाईक पाठवतो. आधीची पडदेवाली आजारी पडली, म्हणून मला जागा मिळाली. तिचा विषय निघाला की सगळ्या चहाच्या कपात बघतात.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा औषध आणतो ना वेळेवर?

काल सभेला एक तरतरीत पोरगी आली. मी हौसेनं विचारलं, "काय करतेस गं?"

"पडदे शिवते."

"अगंबाई! ती जागा तर भरलीय," मी म्हटलं. कुणीच हसलं नाही. अध्यक्षबाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "तुमचा हात कसा आहे आता?"

आई, हाताचं मी तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुझीच,
धाकटी