पुन्हा तोच गुडघा

आई, जयभीम.

फोनवर रडू येईल म्हणून लिहितेय. मी बरी आहे. मुलुंडच्या या हॉस्पिटलात जेवण चांगलं असतं, आयाबाई रोज वेणी घालून देतात.

गेल्या वर्षी गुडघ्यात बसवलेलं लिगामेंट पुन्हा तुटलंय. डॉक्टर म्हणाले, माझ्या नडगीचं हाड गुडघ्याजवळ जन्मतःच मागे जास्त उतरतं आहे, म्हणून लिगामेंट टिकत नाही. गुरुवारी हाड कापून उतार कमी करतील, प्लेट लावतील आणि दुसऱ्या पायातली स्नायूची दोरी काढून इथे बसवतील. यात तुझा काही दोष नाही.

मी विचारलं, "आणि कबड्डी?"

ते म्हणाले, "जिना नीट चढता यावा, एवढं बघू."

सरांनी संघात माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. बरोबरच केलं.

बाबांचा खोकला कसा आहे?

धाकट्या संघमित्राचा गुडघा दुखतो म्हणालीस. तिला आता मैदानावर पाठवू नकोस, आधी एक्सरे काढ. बहिणींची हाडं सारखी असू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. ती चिडेल. मी सांगितलं म्हण, माझ्यावर चिडू दे.

तुझीच,
माधुरी