शुभदाच्या खोलीची खिडकी

३ एप्रिल
विहीणबाईंचा फोन. घरात एसी नसेल तर शुभदाला पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे कळंबला पाठवणार नाही, असं सरळ म्हणाल्या. मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. तोंडावर आलेलं बोलले असते तर पोरीला जड गेलं असतं. म्हणून इथे लिहिते.

एसी नको. आमच्या गल्लीत संध्याकाळी पंखासुद्धा धापा टाकतो. आणि एका खोलीसाठी एवढी वीज? पण खोली तापते हे खरं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो.

७ एप्रिल
गच्चीला चुना, दोन हात. शु.च्या खोलीवर तळेघरहून आणवलेला भाताचा पेंढा, जाड थर. दिवेलागणीला वर बसले. चुना अंधारातही पांढरा, पेंढ्याला अजून खाचराचा वास. वाटलं, घर भातात उभं आहे आणि भात हळूहळू वाढतो आहे...

खाली आले. खोली थोडी निवली, पण झोपण्याजोगी नाही.

११ एप्रिल
कळलं. अंधार पडायच्या आत सगळी गल्ली खिडक्या लावून घेते. गेल्या साली रस्त्याकडेच्या उसातून बिबट्या आला, शेजारचं कुत्रं नेलं, तेव्हापासून. म्हणजे दिवसभर ऊन आत घ्यायचं आणि वारा गार झाला की त्याच्या तोंडावर खिडकी आपटायची. मीही तेच करते. उलटं करायला हवं. दिवसा बंद, रात्री उघडी. बिबट्याचं काय, ते किशोरला विचारते.

१४ एप्रिल
किशोर माझा जुना विद्यार्थी, वेल्डिंगचं दुकान आहे. आज जयंती म्हणून दुकान बंद, तरी निळा फेटा बांधून माप घ्यायला आला. पूर्वेच्या खिडकीला बाहेरून लोखंडी जाळी, आतून कुलूप.
“बाई, एवढी जाड जाळी बिबट्या आत येऊ न्हाई म्हणून, का विहीणबाईंचा एसी आत येऊ न्हाई म्हणून?”
भोकं लहान ठेव म्हटलं. फेट्यातल्या फेट्यात हसत गेला.

२० एप्रिल
शु. आली. सातवा संपत आला. पावलं सुजलेली. गाडीतून एसीचं खोकंही आलं, विहीणबाईंनी दिलेलं. बोळात उभं केलं, वर चादर टाकली.
“आई, चार दिवस बघते. झोप नाही लागली तर परत जाते. तू रागवायचं नाही.”
रागवत नाही म्हटलं.
रात्री, किशोरची जाळी बसलेली असूनही, खिडकी तिनेच लावून घेतली.

२१ एप्रिल
सकाळी शु.चे डोळे लाल. खोकं जाता-येता आडवं येतं.

२२ एप्रिल
दुपारी सगळं बंद. खोलीत विहिरीतल्यासारखा अंधार. खिडकीच्या फळीला एक गाठ गळून बारीक भोक पडलंय. त्यातून समोरचा नाशिक रस्ता पलीकडच्या भिंतीवर उतरला, उलटा. शु. फरशीवर आडवी होती.
“आई, बघ, ट्रक पालथे चाललेत.”
कांद्याच्या गोण्या खाली लोंबत होत्या, एकही पडत नव्हती. आवाज नाही. झाडं मुळांनी टांगलेली. उजेड सरळ जातो म्हणून असं दिसतं, हे कॉलेजात शिकलेलं, सांगितलं नाही. मीही शेजारी पडले. फरशी गार. तिनं माझा हात पोटावर ठेवला. आत कोणीतरी कूस बदलली. मग डोळा लागला, दोघींचा. स्वप्नातही ट्रक छतावरूनच जात होते.

२३ एप्रिल
काल संध्याकाळी खिडकी उघडली. शु. कडीवर हात ठेवून उभी. उसातून बिबट्याचा आवाज, लाकडावर करवत फिरावी तसा.
“जाळीला पंजा लावला तर?”
माझी खाट ओढून खिडकीशी लावली. तो आणि ती, मधे मी. वारा आला, त्याला उसाचा ओला वास.
पहाटे पाहिलं तर शु.ने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतलेली. एप्रिलात! गाढ. मी डोळा मिटला नव्हता, हे तिला सांगणार नाही.

२४ एप्रिल
जावई आले. गाडी दारात चालूच ठेवलेली, आतला एसीही. त्यांच्या आईनं विचारलंय: खोकं उघडून बसवायचं, की शु.ला न्यायचं? जावयांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. म्हटलं, झोप तुझी, बाळ तुझं, तू ठरव.

शु.च्या हाती दिलं: न उघडलेल्या खोक्यावरची एसीची पावती. जाळीच्या कुलपाची किल्ली, लाल दोऱ्यात ओवलेली. दोन्ही घेऊन ती आत खोलीत जाऊन बसली आहे. गाडी अजून चालू आहे.