पाच ग्रॅम जवस, अचूक

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.४०
आजपासून पथ्य. डॉक्टरीणबाईंची यादी: भात, उकडलेली कोंबडी, गाजर, नाशपाती, पाच ग्रॅम जवस. चार आठवडे याबाहेर काही नाही. मग एकेक पदार्थ परत आणायचा आणि अंगावर पित्त कशाने उठतं ते शोधायचं. नाही सापडलं तर गोळ्या.
डबा ऑफिसच्या पॅन्ट्रीतच करणार. आईच्या हाताला माप नाही. चिमूटभर म्हणजे किती, असं तीनदा विचारलं, तिने तिन्ही वेळा चिमूट दाखवली. मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. इथे चुकायला जागाच नाही.

४ मार्च. दुपारी १२.५०
पॅन्ट्रीतला काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायरीने मोजतो. भाताला ठीक. जवस त्यावर मोजणं म्हणजे ज्योतिष. आतल्या बंद खोलीत मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आहे. दारावर पाटी: खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. पाटीचा हेतू स्वच्छता. मी स्वच्छ आहे.
जवस: ५.०००३ ग्रॅम. रजिस्टरमध्ये नोंद केली नाही. तिथे फक्त कामाची मोजमापं लिहितात.

६ मार्च, गुरुवार
शेजारच्या टेबलावरचा तापमानवाला (थर्मामीटर तपासतो) डब्यात डोकावला. मला तो मिलिग्रॅम म्हणतो. म्हणाला, मिलिग्रॅम, हे पाखरांचं खाणं आहे, पिंजरा कधी घेतेस?
आतली खोली पुसणाऱ्या मावशींच्या डब्यात परतलेले बटाटे. म्हणाल्या, एक घे गं पोरी, वाळून चाललीस. चव पाहिली. चव पाहणं म्हणजे खाणं नव्हे. गिळलं, पण ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

१० मार्च, सोमवार
पित्त. डावा हात, सात ठिकाणी. नाशपातीवर संशय. काढली. बटाट्यांचा संबंध नाही. आज फक्त चारच खाल्ले, म्हणजे पाहिले.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५
आतला काटा चुकतोय. शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवलं, ९९.९९८८ आलं. चारदा तेच. १.२ मिलिग्रॅम कमी, चालतात ०.३. आणि २७ला बाहेरची तपासणी. नापास झालो तर खोलीला कुलूप. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, मूळ कारण शोध आणि अहवाल दे, तुझ्याइतकं काटेकोर इथे दुसरं कोण आहे?
खरं आहे.

१४ मार्च
हादरे नाहीत. वारा नाही. वीज ठीक. खोलीत जाणाऱ्या दोघीच: मी आणि मावशी. मी नाही. उरलं ते उत्तर. हे गणित आहे, यात भावनेचा प्रश्न येत नाही.

१७ मार्च, सोमवार
अहवाल दिला. मूळ कारण: साफसफाईच्या वेळी काट्याला धक्का लागला असण्याची शक्यता. ‘शक्यता’ घातलं आहे, त्यामुळे कोणावर अन्याय नाही. सही केली.
दहा मिनिटांत पित्त: मान, पाठ, दोन्ही हात. कोंबडीवर संशय. काढली.

१८ मार्च
मावशींना खोलीत जायला बंदी. त्यांचं कंत्राट ३१ला संपतं, पुढे वाढवणार नाहीत असं तापमानवाल्याने ऐकलं. म्हणाला, नऊ वर्षं खोली पुसतायत, आजवर कधी काही बिघडलं का? मी म्हटलं, नऊ वर्षं हा पुरावा नव्हे. तो म्हणाला, तू पण ना, बर्फाची लादी आहेस. त्याच्या मते किती अंश, ते विचारायला हवं होतं.
जेवताना मावशी पलीकडच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून. बटाटे होते का, दिसलं नाही. मला काय करायचंय? मी पथ्यावर आहे.

२० मार्च. दुपारी १
पॅन्ट्रीत मावशी समोरच आल्या. म्हणाल्या, काट्याला मी हात लावत नाही, भोवतीनं पुसते, तूच शिकवलंस ना? मी म्हटलं, अहवालात फक्त शक्यता लिहिली आहे. म्हणाल्या, शक्यतेवर घर चालत नाही गं.
तेवढ्यात भाताचा कुकर टक्क करून बंद झाला. बरं झालं.
संध्याकाळी मानेवर पुन्हा. गाजर काढलं.

२४ मार्च, सोमवार
यादीत उरलं: भात, जवस. काटा अजून चुकतोच आहे. मावशी आठवडाभर खोलीत नाहीत, म्हणजे धक्का जुना असणार. आता खोली मीच पुसते. जवस मोजून झाल्यावर पुसते. काट्याची चूक हिशेबात धरून आज ५.०००१.
आई म्हणाली, झोपेत दात खातेस. तेवढंच काय ते खातेस, असंही म्हणाली.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी ४.१०
तपासनीस आले. उंच, मोजकं बोलणारे. एरवी आवडले असते. शंभर ग्रॅम ठेवलं, आकडा पाहिला, थाळी उचलली. भिंग लावलं. चिमटा मागितला. थाळीखालच्या फटीतून एक दाणा काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. चपटा, तपकिरी, चकचकीत.
साहेबांनी विचारलं, हे काय? तपासनीस म्हणाले, कसलंसं बी आहे, थाळी ह्याच्यावर घासत होती. तापमानवाला हसला आणि लगेच गप्प झाला. मावशी दारात बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
या इमारतीत जवस खाणारं दुसरं कोणी नाही. ही माहिती फक्त तपासनीस आणि साहेबांना नव्हती.
भिंतीवरच्या घड्याळात अकरा सेकंद गेले. बाराव्याला म्हटलं, माझं आहे. जवस. रोज पाच ग्रॅम, ह्याच काट्यावर. धक्का वगैरे काही नव्हता.
साहेब म्हणाले, तू? मला दाण्याचं वजन करायचं होतं. करू दिलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार
नवा अहवाल. मूळ कारण: मी. ‘शक्यता’ लिहिलं होतं, खोडलं. दाणा काढल्यावर काटा बरोबर दाखवू लागला, खोली वाचली. मावशींचं कंत्राट वर्षभर वाढलं. माझी बदली मागच्या फाटकावर, ट्रकच्या काट्याकडे. सर्वांत लहान पायरी वीस किलो.
डॉक्टरीणबाईंचा फोन. काय काय काढलंस? म्हटलं, कालपासून जवस पण. पित्त? कालपासून नाही. मग जवसच, म्हणाल्या.
मी वाद घातला नाही. निष्कर्ष मला सोयीचा आहे.

३१ मार्च, सोमवार. दुपारी १.१५
फाटकावर पॅन्ट्री नाही, कुकर नाही. सकाळपासून अकरा ट्रक. मावशी एवढं अंतर चालत आल्या. डबा खिडकीत आपटला. म्हणाल्या, मी अजून रागावलेय, सांगून ठेवते. मग म्हणाल्या, घे, पण आधी मोज, तुझं काय सांगावं.
डबा घेऊन बाहेर गेले. ट्रकच्या काट्यावर मधोमध ठेवला. शून्य. तिथेच उभ्याने निम्मे बटाटे खाल्ले, परत ठेवला. शून्य. मावशी खिडकीपाशी पदर तोंडाला लावून उभ्या. हसत होत्या की काय, इतक्या लांबून मोजता आलं नाही.
डबा पुसून परत दिला.
नोंद: पथ्य चालू. आज काही खाल्लं नाही.