जाहिरातीतलं दुसरं नाव

प्रिय अनीश,

फोनवर सांगता येईना म्हणून लिहायला बसले. परवा दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तू न्हावा शेवा बंदराच्या गेटवर होतास, मागे ट्रेलरचे हॉर्न, आणि मी 'दादा बरे आहेत' एवढंच सांगून ठेवून दिला. दादा खरंच बरे आहेत. माझ्याच डोक्यात गुंता झालाय.

तुझ्या नव्या गोदामाच्या उद्घाटनाला वाटायची पुस्तिका तू माझ्यावर सोपवलीस, तेव्हा वाटलं, हे काय, सहज होईल. आपल्या दादांनी श्रीवर्धनची सुपारी ट्रकनं मुंबईला न्यायला कशी सुरुवात केली, हे आपण दोघं भावंडं लहानपणापासून ऐकतोय. एखादी जुनी जाहिरात मिळाली तर छापू, म्हणून वाचनालयात गेले. माळ्यावर मासिकांचे बांधीव खंड आहेत: व्यापाऱ्यांचं मासिक, मोटारमालकांचं मासिक, दिवाळी अंक. कुबट वास, बोटं काळी होतात. पण मी रमले रे! पावसाळ्यात लाँच बंद झाली की माल कसा कुजायचा, घाटात कुठले टायर टिकतात यावरून वाचकांची भांडणं, केशतेलाच्या शेजारी सुपारीचे भाव. कॉलेजात शिकवताना इतिहास म्हणून जे सांगितलं, त्यात हे काहीच नव्हतं.

मग आपली जाहिरात सापडली. ट्रकचं चित्र आणि खाली दोन मालकांची नावं. एक दादांचं, दुसरं बाळाराम, आडनावासकट. पुढच्या दिवाळी अंकात तीच जाहिरात, तोच ट्रक, नाव मात्र एकट्या दादांचं. आणि मोटारमालकांच्या मासिकात एक बातमी, चालक बाळाराम यांनी ब्रेक निकामी झालेला ट्रक घाटात वाचवल्याची. मालक की चालक? हे नाव तू घरात कधी ऐकलंयस का? मला आठवत नाही.

दादा अंगणात वाळत घातलेली सुपारी उलटत होते, तेव्हा विचारलं. त्यांचे हात थांबले. म्हणाले, “ट्रक दोघांचा. चालवायचा तो, हिंडून माल मिळवायचो मी.” पुढचं तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. बाळारामकाकांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. आपल्याकडच्या काही बागायतदारांना काकांनी अंगणात पाऊल टाकलेलं चालायचं नाही. त्या बागायतदारांनी दादांना बजावलं, पाटीवर ते आडनाव असेल तर आमची पोती तुमच्या ट्रकवर चढणार नाहीत. काका मुंबईला माल घेऊन गेले असताना दादांनी रंगाऱ्याला बोलावून गोदामाच्या पाटीवरचं नाव पुसून घेतलं. काका परत आले, पाटी पाहिली, ट्रकची चावी दादांच्या हातात दिली आणि निघून गेले. “मीच हाकललं त्याला,” दादा म्हणाले, आणि परत सुपारी उलटायला लागले.

काका पुढे एसटीत ड्रायव्हर झाले, एवढं दादांना ठाऊक होतं. विचारत विचारत मी तळा गावी त्यांच्या घरी पोचले. काकांच्या बायकोनं, तुळसाकाकूंनी दार उघडलं. मी कोण ते कळल्यावर आत बोलावलं, चहा ठेवला. मी भीत भीत विषय काढला, तर हसायलाच लागल्या. “न्हाय हो बाई, कोण हाकलतंय! मीच मागं लागलेली, एसटीत जा म्हणून. पगार तरी म्हयन्याच्या म्हयन्याला येतो.” काका खाटेवर बसून ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. काकू खरं सांगत होत्या, की पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून बोलत होत्या? परतीच्या वाटेवर हाच विचार. एसटीचा अर्ज आधी की पाटी आधी, हे आता कुठल्या मासिकात शोधू?

गेल्या आठवड्यात दादांना घेऊन गेले. त्यांनी दारातच हात जोडले. काकांनी ते हात धरून त्यांना खाटेवर शेजारी बसवलं. मग दोघं घाटातल्या वळणांबद्दल आणि क्लीनर लोकांच्या खोड्यांबद्दल असे बोलत बसले, जणू काल भेटले होते. मला हायसं वाटलं. तेवढ्यात दादा म्हणाले, “बाळाराम, पुस्तिकेत तुझं नाव पहिलं घालतोय.”

काका शांतपणे म्हणाले, “नको. पुसलंस तवा मला इचारलं न्हायस. आता लावताना इचारतोयस ना? मग ऐक. नको.”

आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. निघताना त्यांनी दादांना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, दार स्वतः लावलं.

तेव्हापासून दादांचं एकच, बाळारामचं नाव नसेल तर मी उद्घाटनाला येणार नाही. काका नको म्हणतात. आणि काल तुळसाकाकूंचा हळूच फोन आला, “तुम्ही घाला हो. नातवंडांना दाखवायला व्हईल.” कुणाचं ऐकू? घातलं तर पुन्हा त्यांना न जुमानता केल्यासारखं होतं, गाळलं तर नाव दुसऱ्यांदा पुसल्यासारखं.

पत्र लिहायचं खरं कारण आता सांगते. पुस्तिकेचं पहिलं वाक्य तू लिहून पाठवलंस, 'आमच्या वडिलांनी एकट्याच्या हिमतीवर हा व्यवसाय उभा केला.' ते मी काढलंय आणि छापखान्याला थांबवलंय. तुला न विचारता केलं, रागवायचं तर रागाव. पण त्या जागी काय लिहायचं ते मला सुचत नाही, आणि ते सुचणं माझं काम नव्हेच. धंदा आता तुझा आहे. या रविवारी तू तळ्याला जा. दादांना नेऊ नकोस, मीही येत नाही. काकांसमोर बस आणि तूच विचार, नाव घालायचं का म्हणून. ते पुन्हा नको म्हणाले, तर समजूत घालत बसू नकोस. पुस्तिका छापायचीच नाही. लोक पेढे खाऊन घरी जातील.

तुझीच,
क्षिप्राताई