कोरी लग्नपत्रिका

१० एप्रिल, दिंद्रुड

एसटीतून उतरलो तर सुंदरराव काका स्टँडवर स्वतः हजर. माझी बॅग त्यांनी स्कूटरच्या पायाशी अशी जपून ठेवली, जणू पाहुणी तीच आलीय. घर येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होते, हा आमच्या हिचा भाचा शिवा, काम्पुटरवाला. मला बरं वाटलं. अंबाजोगाईहून बी.एस्सी. अर्ध्यात टाकून आल्यापासून घरी माझी ओळख फक्त 'कॉलेज सोडलेला' एवढीच उरली होती.

गीता मावशीनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर तुपाची वाटी ठेवली. जेवलो लई. मग पुढच्या खोलीत नेऊन कॉम्प्युटर दाखवला. त्याच्यावर तिनं विणलेलं लोकरीचं झाकण, त्याला कडेनं मणी. काका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरीभर गावोगाव गाई-म्हशींना टोचत हिंडले, त्यामुळे कुणाच्या दावणीला काय आणि कुणाच्या घरात लग्नाचं कोण, हे त्यांना सारखंच पाठ. निवृत्त झाल्यावर सोयरिकी जुळवायला लागले. आता स्थळांची माहिती आणि फोटो कॉम्प्युटरात घालायचेत. ते माझं काम. खोली माझी, पंखा माझा, मावशीच्या हातचं जेवण. नशीब फळफळलं म्हणायचं.

१३ एप्रिल

माजलगावहून गहिनीनाथ आला होता. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटर उघडून बघितल्यावर म्हणाला, ह्याला संरक्षण काहीच न्हाई, दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं आहे. त्यानं अँटीव्हायरस टाकला. काकांचा पासवर्ड त्यांच्या पहिल्या गाईचं नाव होता. गहिनीनाथ हसला, म्हणाला, काका, तुमची कपिला दिंद्रुडात कुणाला माहीत न्हाई? तो बदलला. मला समजावलं, की कुणाचाही पेनड्राइव्ह आधी तपासायचा आणि अनोळखी फाईल कितीही गोड दिसली तरी उघडायची नाही. अँटीव्हायरसनं लाल चौकट दाखवली की हुज्जत घालायची नाही. सगळ्याची एक नक्कल वेगळ्या हार्डडिस्कवर काढून, ती वायर सोडवून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर रोग तिच्यातही जातो.

मी मनात म्हटलं, हे काय शिकवायलाय मला. पण खरं सांगायचं तर यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. कॉलेजात कॉम्प्युटर म्हणजे गाणी भरायचं यंत्र एवढंच.

काकांना मात्र एका झटक्यात कळलं. म्हणाले, "लाळ्या-खुरकूतच हाय की हे. बाजारातून आणलेलं जनावर कुणी लगेच दावणीला बांधतंय का? वेगळं बांधायचं, बघायचं, मग आत घ्यायचं."

व्हायरस करतो तरी काय, असं मावशीनं विचारलं. गहिनीनाथ म्हणाला, स्वतःसारखा दुसरा तयार करतो, दुसरं काही न्हाई. मावशी म्हणाली, मग त्यात काय एवढं, माणसंबी तेच करतेत. सगळे हसलो.

१६ एप्रिल

काम चांगलं चाललंय. दिवसभर नावं, उंची, शिक्षण, मामाचं गाव. फोटो चढवताना काका शेजारी बसतात. आज म्हणाले, की लोक आपली पोर कागदावर आपल्या हातात देतात. जमीन गेली तर कोर्टात भांडता येतं, पोरीचं नाव गेलं तर कुठं जाणार? म्हणून यातला एकही फोटो ह्या खोलीबाहेर जायचा नाही. मी मान डोलावली.

त्या वेळी मला धनश्री आठवली. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ती वर्गातल्या एका पोराशी हसून बोलली म्हणून मी त्याचा मोबाईल भिंतीवर फोडला होता. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तू माझा कोण?" त्यानंतर कॉलेजात पाऊल टाकलं नाही.

१९ एप्रिल

आज अंबाजोगाईचे राधाकिशनराव आले. धनश्रीचे वडील. मला ते ओळखत नाहीत. मुलीचा बायोडाटा आणि फोटो त्यांनी माझ्याच हातात दिला. मोरपंखी साडी. नेकनूरचं एक स्थळ काकांच्या डोक्यात आहे, जवळपास जमल्यातच जमा.

ते गेल्यावर जे केलं ते इथं लिहायलाही कानशिलं तापतात. तिचा फोटो चढवला, आणि कॉम्प्युटरवरच माझा ओळखपत्राचा फोटो कापून तिच्या शेजारी चिकटवला. माझं डोकं मोठं आणि तिचं लहान आलं, मधे पांढरी कड राहिली. तरी किती वेळ बघत बसलो. मिटवायला हात होईना. काकांना दिसू नये म्हणून तो हार्डडिस्कवर हलवला, आणि डिस्क तशीच जोडलेली ठेवली. रोज बघायचं म्हणून. काकांना सांगितलं, तिचा फोटो धुरकट आहे, दुसरा येईपर्यंत नेकनूरला काही पाठवू नका.

२१ एप्रिल

दुपारी मेलवर एक फाईल आली. नाव 'शुभविवाह'. पाठवणारा अनोळखी. काकांना अशा पत्रिका येतातच, पण मला वाटलं, हिचीच. नेकनूरचं ठरलं आणि मला न सांगता छापलीसुद्धा.

अँटीव्हायरसनं लाल चौकट आणली. उघडू नका. मी पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट. डोकं फिरलं. हे यंत्र मला सांगणार का, तिचं लग्न कुणाशी ते बघायचं की नाही? अँटीव्हायरस बंद केला आणि फाईल उघडली.

वर गणपती, बाजूला केळीचे खांब, आणि नावांच्या जागा कोऱ्या. वराचं नाव नाही, वधूचं नाव नाही. कोरी पत्रिका. स्वतःचाच राग आला. अँटीव्हायरस परत चालू करायला गेलो तर तो दिसेना. उद्या बघू म्हणून झाकण घातलं.

२२ एप्रिल

पत्रिका स्क्रीनवर उघडीच होती. नावं भरलेली. चि. शिवशंकर. चि. सौ. कां. धनश्री. ३० एप्रिल. स्थळ: सुंदरराव यांचे राहते घर, दिंद्रुड. खाली मी चिकटवलेला तो फोटो, पांढऱ्या कडेसकट.

आधी झाकण परत घालायला गेलो. मग — खोटं कशाला लिहू — छाती भरून आली. दोन नावं शेजारी शेजारी छापलेली पहिल्यांदा बघितली. मिटवायला हवी होती. वाचत बसलो.

२३ एप्रिल

सकाळपासून काकांचा फोन थांबत नाही. पत्रिका सगळ्यांना गेलीय. जितकी स्थळं मी चढवली त्या प्रत्येक घरी, काकांच्या नावानं. लोक म्हणतायत, सोयरीक जुळवता जुळवता घरातच जुळवली का.

काकांनी मला समोर बसवून विचारलं, तू काही केलंस का. मी म्हणालो, नाही, कुणीतरी टवाळकी केली असेल. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मग एकेकाला फोन लावून सांगत बसले. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो.

"आमचं पोरगं तापट हाय, पण खोटं न्हाई बोलायचं."

हे त्यांनी किती जणांना सांगितलं, मोजलं नाही. मोजवलं नाही.

२५ एप्रिल

धनश्रीचा फोन. शेजारच्या बाईंच्या मोबाईलवरून. तिचा मोबाईल भावांनी काढून घेतलाय. नेकनूरकरांनी नाही म्हणून कळवलं. घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. भाऊ काय बोलतात ते तिनं सांगितलं नाही. ती रडत नव्हती, त्याचंच भय वाटलं. तिनं विचारलं, मी पाठवली का पत्रिका. मी म्हणालो, न्हाई, व्हायरसनं गेली. ते तर खरंच होतं.

"मग उघडली कुणी?"

मी फोन कापला.

२६ एप्रिल

गहिनीनाथ येऊन गेला. एक पत्रिका मिटवली की दोन होतात. दोन मिटवल्या की चार. कपाटातली हार्डडिस्क दे म्हणाला. ती कपाटात नव्हतीच. जोडलेली बघून तो माझ्याकडं बघत राहिला. तिच्यातही पत्रिकाच. काकांनी गोळा केलेली सगळी स्थळं गेली.

त्यानं वायर उपसली, तरी स्क्रीन थोडा वेळ तशीच उजळ होती. जाताना पैसे घेतले नाहीत. मावशीनं केलेला चहाही घेतला नाही.

फोटोतली पांढरी कड गेलीय. डोकी आता एका मापाची आहेत.

२८ एप्रिल

कॉम्प्युटर बंद. वायर काकांच्या ट्रंकेत. पण लोकांच्या मोबाईलवर पत्रिका बदलतेय. आज फोटोत आम्हाला हळद लागली. मागं हेच अंगण, हाच हौद. काका आणि मावशी शेजारी उभे, हसतायत. काकांनी तो फोटो मोबाईल दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला. म्हणाले, असला सदरा माझ्याकडं न्हाईच.

माझी बोटं पिवळी झालीत. साबणानं जाईना, राखेनं जाईना. मावशी म्हणाली, हळदीच्या डब्यात काहून हात घातलास. मग तिच्या लक्षात आलं.

तेव्हा सांगितलं सगळं. फाईल मी उघडली, फोटो मी चिकटवला. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "त्याच दिवशी बोलला असतास तर वेगळं तरी बांधलं असतं रे."

त्या पोरीला स्वतः फोन कर, म्हणाले. माझ्याच्यानं झाला नाही. उद्या करतो म्हणालो.

२९ एप्रिल

नाही केला. खोलीतून बाहेर पडलो नाही.

३० एप्रिल, सकाळ

फोन गावाबाहेर जाऊन करावा म्हणून स्टँडवर गेलो. चहावाला अजिनाथ मला बघून दचकला. म्हणाला, तुमी तर आत्ताच अंबाजोगाईच्या गाडीनं गेलतात. फेटा बांधून. माझ्याकडं चहा प्यालात, लई गोड बोललात.

फोन न करताच परत आलो. पळतच.

अंगणात कुणीतरी मांडव घातलाय. काका विचारतायत कुणी घातला. शेजारचे म्हणतात, तुमीच तर सांगितलंत.

दुपार

लावला शेवटी फोन. त्या शेजारच्या बाईंनी धनश्रीला दिला. मी म्हणालो, मी शिवा.

"शिवा तर आमच्या घरात बसलाय. आई त्याला जेवायला वाढायलीय. तू कोण?"

तो सकाळी आला. सगळं कबूल केलं. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं, भावांपुढं हात जोडले, एकदाही आवाज चढवला नाही. आता नाव गेलंच आहे तर पत्रिकेवर छापलंय तसं आजच उरकून टाकू, असं बाबा म्हणतायत. जीप सांगितलीय. हे ती हळू आवाजात सांगत होती. पहिल्यांदाच शिवा माणसासारखा बोलला, असंही म्हणाली.

मी ओरडलो. जीपमध्ये बसू नको, तो मी नाही, फाईल मी उघडली होती, मी खोटं बोललो — सगळं एकदम. शिव्याही आल्या तोंडात. माझा राग तिच्या ओळखीचा आहे. तिनं ओळखलं असेल — ओळखलंच असेल —

मग फोनवर दुसरा आवाज आला. माझा. शांत. कोण बोलायलंय, म्हणाला. फोन बंद.

नंतर

खोलीत आहे. दार बाहेरून लागलंय. काकांनी लावलं नाही, मावशीनंही नाही. खिडकीच्या फटीतून अंगण दिसतं. माणसं जमलीत. कुणीच कुणाला विचारत नाही.

जीप आली. तो उतरला. चालणं माझंच. त्यानं हात देऊन तिला उतरवलं. मोरपंखी साडी. मावशी भाकरतुकडा ओवाळायलीय. काका दोघांच्या तोंडाकडं बघतायत — त्याच्या, मग ह्या खोलीच्या दाराकडं —

हात पिवळे मनगटापर्यंत. पेन निसटतं.

हे कुणाच्या हाती लागलं तर — दोघांत फरक नाही. आवाज नाही, चेहरा नाही. एकच. तो सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो. मान खाली जात नाही त्याची. त्याला लाज नाही. ज्याला लाज वाटते तो मी. एवढ्यावरनं ओळखा. धनश्री, एवढ्यावरनं —

हाक मारली तिला. जीव तोडून. तिनं मान वळवली. सगळ्यांनी वळवली. कुणीतरी म्हणालं, आत काम्पुटर चालू राहिला वाटतं.

काका म्हणाले, त्याची तर वायरच —

ती पुढं आली एक पाऊल. दाराकडं बघायलीय. ओठ हलले. माझंच नाव —

तो म्हणाला, "तुमी थांबा. मी बंद करून येतो."

पायऱ्या चढतोय. कडी —

धनश्री, मान बघ त्याची, मान —