एडिल्सनच्या डोक्यावर पॉपकॉर्न

कुरितिबा, मंगळवार

जुरेमा,
पोचलो. जेवतोय, झोपतोय. थंडी आहे, पण मरत नाही. तू गोळी घेतेस ना? बकरी व्याली का?

आता ऐक. रविवारी फुटबॉलच्या मॅचमध्ये आपल्या एडिल्सननं ऐन वेळी पाय मागे घेतला आणि त्याच्या क्लबवर गोल बसला. मॅच संपल्यावर स्टेडियमबाहेर लोकांनी त्याच्यावर पॉपकॉर्न फेकले. भित्र्या खेळाडूला फेकतात तसे, आपल्या पोराला! एका टकल्यानं माझ्याही हातात मूठभर ठेवले. "काका, तुम्हीपण हाणा!" मी त्याच्याच टकलावर हाणले.

घरी बघतो तर पोराचा गुडघा भोपळ्याएवढा. महिनाभर लपवतोय!
"गाढवा, डॉक्टरला का नाही सांगितलंस?"
"बाबा, डिसेंबरात करार संपतो. मी बत्तीस वर्षांचा. भित्र्याला दुसरा क्लब तरी घेईल, लंगड्याला कोण घेणार?"

काल मीच जाऊन क्लबच्या डॉक्टरला सांगून आलो. शुक्रवारी ऑपरेशन आहे. करार गेला तर गेला, पाय राहू दे. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तुला फोन करून माझ्या नावानं शिव्या घालेल. तूपण घाल. त्याला आत्ता कुणीतरी त्याच्या बाजूचं पाहिजे.

तुझाच,
वाल्दोमिरो