मागे बसलेल्या बाई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू कोसळतं, म्हणून पत्र. तू हात धुऊन मागे लागलीस, तेव्हा अखेर त्या ऑनलाइन थेरपिस्ट बाईंकडे नाव नोंदवलं. आई गेल्यापासून हातांची थरथर काही थांबत नाही. काल दुकानात चष्म्याचं आणखी एक भिंग घासताना फुटलं आणि मालकांनी, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर काम सोडा, म्हणून सांगितलंय. त्यामुळे शेवटी तुझं ऐकलं.

मला वाटलं होतं, बाई डोळे मिटायला लावतील. तसं काही नाही. आधी झोप, भूक, औषधं विचारली. बोललेलं आमच्यातच राहील, फक्त माझ्या जिवाला धोका वाटला तर तुला कळवतील, म्हणून तुझा नंबर घेतला. रेंज गेली तर त्याच परत फोन लावणार. मग खोलीत आणखी कोणी आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं, तरी पुन्हा विचारलं. शेवटी अगदी नम्रपणे म्हणाल्या, की पुढच्या वेळी मागे बसलेल्या बाईंना बाहेर बसायला सांगा. मागच्या खुर्चीवर माझा कोट होता, दुसरं काय! आता तो कपाटात टाकलाय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

कोटाला बाई म्हणणाऱ्या बाईंनी आधी चष्मा करून घ्यावा, आणि तोही तुमच्याच दुकानातून. तू मात्र भिंतीला पाठ लावून बस आणि दाराला कडी बसवून घे. बंद दाराची सवय आपल्याला कुठून असणार म्हणा! आई कोणाला दार लावू द्यायची नाही. कोणीही भेटायला आलं की मध्ये येऊन बसायचीच.

आळीपाळीने आपल्याकडे राहायची, ते आठवतं ना? आपल्यातली एक कंटाळली की गोड बोलून तिला दुसरीकडे रवाना करायची, आणि दुसरीने लगेच लिहायचं, आई सुखरूप पोचली. गेली तेव्हाही ती माझ्याकडे यायला निघाली होती, बॅग भरून तयार होती. मी तिची खोली अजून झाडून ठेवते. वेडेपणाच आहे, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट कपाटात, पाठ भिंतीला, दाराला नवी कडी. बाई खूश झाल्या आणि बोलता बोलता मध्येच थांबल्या. म्हणाल्या, त्या आता पलंगावर तुमच्या शेजारी बसल्यात. मान खाली, मांडीवर लोकर. तुम्ही बोलायच्या थांबलात की त्यांच्या सुया थांबतात. ताई, आईच्या विणकामाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. शेजारी बघितलं तर नुसती चादर, पण कोणी बसल्यासारखी दबलेली. मी उठून उभी राहिले.

बाई घाबरल्या नाहीत, उलट नाराज झाल्या. त्यांना वाटतं घरात कोणी नातेवाईक आहे आणि मी लपवतेय. तिसरं माणूस ऐकत असताना त्या काम करत नाहीत. पुढच्या वेळीही असंच असेल तर थांबू या, म्हणाल्या. म्हणजे आता आईला बाहेर जा म्हणायचं. आपल्यापैकी कुणाची कधी छाती झाली होती?

मला सांभाळून घे, नेहमी घेतेस तसंच.
ठकी

२१ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. धावत आले असते, पण नात तापाने फणफणली आहे. तू सांगून टाक तिला. नुसतं जा म्हणू नकोस, तिच्या मनाला लागतं. नेहमीसारखं गोड बोल. बाईंनी थांबवलं आणि हातचं काम गेलं तर तू कोलमडशील, आणि ते तिलाही आवडायचं नाही.

जीव तुझ्यात अडकलाय. लगेच लिही.
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. डोळे मिटले आणि तोंडातून आपलं ठरलेलं वाक्यच निघून गेलं, की आई, थोडे दिवस ताईकडे जाऊन राहा, तिला तुझी फार आठवण येते. बाई पडद्यावर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांनी लोकर गुंडाळली, तुमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. कडी आतून लावलेलीच होती. त्यानंतर मी जी रडले, ती वेळ संपेपर्यंत.

आज एकही भिंग फुटलं नाही. मालकांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुढचं काम दिलं. पण घर खायला उठतंय. आणि तुला न विचारता तिला तुझ्याकडे धाडून बसले, म्हणून रागावू नकोस.

कशीही असले तरी तुझीच,
ठकी

२ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आई सुखरूप पोचली.

मी रागावले नाही. खोलीचं दार लावलं की पुन्हा किलकिलं होतं, म्हणून आता उघडंच ठेवते. हे लिहिताना मोठ्याने वाचतेय. थांबले की सुयांचा आवाजही थांबतो.

त्या बाईंचा नंबर पाठवून ठेव. घाई नाही.

ताई